रिकाम्या जागेचं तिकीट

तुमच्यातली धाकटी आता परदेशातल्या एका बंदरावर नोकरीला लागली आहे. परवा फोनवर तिनं मला गमतीनं विचारलं, "आजी, सांग पाहू, जहाजाचं भाडं कशावर ठरतं?" तिला वाटलं, मी "अंतरावर" म्हणेन आणि मग ती मला शिकवेल. मी म्हटलं, "जागेवर." मग ती म्हणाली, "तुला कसं माहीत?" मी हसले आणि विचारलं, तिकडे थंडी किती आहे.

विषय का बदलला, ते आता लिहिते. हे मी तुमच्या आजोबांनाही पूर्ण सांगितलं नव्हतं. तुमच्या आईला थोडं माहीत आहे, कारण त्यातला एक भाग तिच्या शाळेच्या वहीत घडला.

आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो ते पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर, तुमच्या आजोबांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे. बसवनगुडीत भाड्याचं घर होतं. तुमची आई शाळेत जाऊ लागली, तेव्हा मी नोकरी धरली. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, टंकलेखन शिकलेली बाई मालधक्क्याजवळच्या एका ऑफिसात जाऊन बसते, हे माझ्या सासूबाईंना विचित्र वाटायचं. "बी.ए. झालीस ती खोकी मोजायला?" असं त्या विचारायच्या. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. दुसऱ्यांचा माल परदेशी रवाना करून देण्याचं काम ते ऑफिस करत असे. मालक, मी, एक मेस्त्री आणि गरजेप्रमाणे हमाल, एवढीच माणसं.

आमच्याकडचा मुख्य माल म्हणजे म्हैसूर लाइनीवरच्या एका गावची लाखेची लाकडी खेळणी. ती तिथून टोपल्यांत भरून मीटर गेज गाडीनं यायची. मद्रासची लाइन मात्र रुंद. एका रुळावरची मालाची वाघीण दुसऱ्या रुळावर जात नाही, त्यामुळे बंगळूरला सगळा माल उतरायचा, बैलगाडीतून आमच्या शेडमध्ये यायचा, तिथे पेट्यांत भरला जायचा आणि पुन्हा मद्रासच्या वाघिणीत चढायचा. मद्रासला पुन्हा उतरवणं, धक्क्यावर पडून राहणं, मग दोरखंडाच्या जाळ्यातून जहाजात. एक बाहुली लंडनच्या दुकानात पोचेपर्यंत सात-आठ वेळा उचलली जायची, आणि दर उचलीला कुणाची तरी मजुरी असायची. समुद्रावरचा प्रवास त्यातला सर्वांत लांबचा, पण सर्वांत सरळ.

रेल्वे भाडं घ्यायची वजनावर. जहाजाचा नियम वेगळा होता: वजन किंवा माप, दोन्हींत जे जास्त भरेल ते. चाळीस घनफूट जागा व्यापली की एक टन धरायचा, मग आत लोखंड असो की कापूस. लोखंडवाला वजनाचं भरतो, खेळणीवाला जागेचं. हा नियम ज्या इंग्रजी दरपुस्तकात होता ते माझ्या खणात असायचं. मी त्याला तपकिरी कागदाचं कव्हर घालून वर सुवाच्य अक्षरात नावही लिहिलं होतं. ऑफिसात ते वाचू शकणारी मी एकटीच.

मेस्त्री साठीच्या आसपासचे. पांढरं धोतर, खाकी कोट, कोटाच्या खिशात घडीची लाकडी फूटपट्टी. घरात मराठी बोलणाऱ्या, तिथल्याच जुन्या कुटुंबातले. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या पागेबरोबर आले होते म्हणे. वयानं मी मुलीसारखी असूनही ते मला अक्का म्हणायचे, तिथली तशी रीतच होती. माझ्या बोलण्याची त्यांना गंमत वाटायची. "तुमची मराठी पुस्तकातली, अक्का. आमची चुलीपुढची. मीठ स्वल्प जास्त आहे तिच्यात."

त्यांची काम करण्याची पद्धत अशी की आधी सामान, मग पेटी. सगळी खेळणी ते जमिनीवर मांडायचे. वाटीत वाटी, मोठ्या बाहुलीच्या पोटात लहान, आगगाडीच्या डब्यात भोवरे, जिथे म्हणून पोकळी दिसेल तिथे काहीतरी बसवायचे. मांडलेला ढीग अर्धा-पाऊण तास न्याहाळायचे, मग पट्टी लावायचे आणि त्या ढिगाच्या मापाची पेटी आंब्याच्या फळ्यांतून ठोकायचे. झाकण लावताना आत मूठभर पेंढा मावेल एवढीच जागा उरायची. त्यामुळे प्रत्येक पेटी वेगळ्या आकाराची असे. एक बुटकी, एक लांबोडकी. शेडमध्ये रांगेनं ठेवल्या की लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यांसारख्या दिसायच्या.

मला त्या पेट्यांचा मनापासून राग यायचा. कारण त्यांची यादी मला टंकावी लागायची. वीस पेट्या म्हणजे वीस ओळी, प्रत्येकीची लांबी, रुंदी, उंची, फुटांत आणि इंचांत, सहा प्रतींत. एक आकडा चुकला की पाच कार्बन कागद उलगडून सहा ठिकाणी खोडरबर. खाडाखोड झालेली यादी माझ्या हातून बाहेर जाणं मला सहन होत नसे. तुम्ही मला ओळखता. तुमच्या कपाटातल्या चड्ड्यासुद्धा मी रंगाप्रमाणे लावून ठेवायची.

सदुसष्ट साली सुवेझ कालवा बंद पडला, त्या वर्षीची गोष्ट. युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. जास्त दिवस, जास्त इंधन, आणि जहाजं लांब अडकून पडल्यामुळे जागेची टंचाई. प्रत्येक भाड्यावर वर शेकड्याच्या हिशेबानं अधिभार. त्यातच लंडनच्या एका खेळण्यांच्या दुकानाच्या मालकिणीची नाताळासाठी मोठी मागणी आली. बाई स्वतःच्या हातानं पत्रं लिहायची, तिरप्या अक्षरात. आमचे मालक जहाजात जागा मिळवण्यासाठी मद्रासला जाऊन बसले आणि जाताना मला म्हणाले, "इथलं तुम्ही बघा."

मी बघितलं. मेस्त्रींना बोलावून म्हटलं, "या वेळी सगळ्या पेट्या एकाच मापाच्या करा. सर्वांत मोठी जी होईल तिच्या मापाच्या."

"का, अक्का?"

"नीटनेटकं दिसतं. परदेशात असंच करतात."

परदेशात कसं करतात, याची मला काडीइतकीही माहिती नव्हती.

ते म्हणाले, "खेळणी काय एका मापाची नाहीत. पेट्या कशा होतील?"

"उरलेल्या जागेत पेंढा भरा. पेंढ्याला कुठे वजन असतं?"

त्यांनी पट्टी उघडली, पुन्हा मिटली. "रिकाम्या जागेलाही तिकीट पडतं, अक्का. बसमध्ये टोपली ठेवली शेजारी, तर कंडक्टर सोडतो काय?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "मेस्त्री, ही बस नाही."

"सरी," म्हणाले. कन्नडमध्ये बरं म्हणतात तसं. आणि कामाला लागले.

खणात ते पुस्तक होतं. हात लांबवला असता तर पुरलं असतं. नियम मला पाठ होता असंही म्हणता येईल, पण तो मला टंकायचा मजकूर म्हणून पाठ होता. त्या नियमाचा शेडमधल्या पेंढ्याशी काही संबंध आहे, हे माझ्या मनात आलंच नाही. ज्यांना इंग्रजीचं अक्षर ठाऊक नव्हतं त्यांना ते हातांनी कळलं होतं.

सव्वीस पेट्या झाल्या, सगळ्या सारख्या. माझी यादी एका ओळीत संपली. सहाही प्रती स्वच्छ. ती यादी मी दोन वेळा नुसती बघत बसले, हे आज लिहायलाही लाज वाटते.

जहाजाचं भाडं माल पोचल्यावर तिकडे त्या बाईनं भरायचं होतं, म्हणून इकडे कुणाला पत्ता लागला नाही. पत्र आलं ते नाताळ उलटून गेल्यावर. खेळणी छान आहेत, एकही फुटलेलं नाही, पण भाडं नेहमीच्या जवळजवळ दीडपट झालं, वर अधिभार, आणि निम्म्या पेट्यांत निम्मा पेंढा. 'मी खेळणी मागवली होती,' तिनं लिहिलं होतं, 'भारतातला पेंढा नव्हे.' पुन्हा मागणी देईन की नाही, सांगता येत नाही. म्हणजे आमच्या त्या रिकाम्या जागेनंही आफ्रिकेला वळसा घातला होता, आणि तिच्याही डोक्यावर अधिभार बसला होता.

मालकांना इंग्रजी जेमतेम यायचं. मी पत्र वाचून अर्थ सांगितला. ते ऐकून म्हणाले, "एवढ्या मोठ्या पेट्या? मेस्त्री म्हातारा झाला. अंदाज गेला त्याचा."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. 'मी सांगितलं' हे दोनच शब्द. मी टंकयंत्रात कागद घातला.

"लिहा," ते म्हणाले, "पेट्या भरणाऱ्याची चूक झाली, पुन्हा होणार नाही. चांगल्या भाषेत लिहा."

चांगल्या भाषेत लिहायला मला सांगावं लागत नसे. मी लिहिलं की ही गोष्ट केवळ आमच्या पेट्या भरणाऱ्याच्या चुकीच्या अंदाजामुळे घडली. पण एवढ्यानं ते वाक्य माझ्या कानाला अपुरं वाटलं. कॉलेजात शिकलेल्या व्यापारी पत्रांत अशी वाक्यं कशी पुरी होतात ते मला माहीत होतं. म्हणून मी पुढे जोडलं, 'आणि त्याला कामावरून दूर करण्यात आलं आहे.' वाक्य छान तोललं गेलं.

सही करण्याआधी मालकांनी मजकूर विचारला. मी सांगितला. त्यांनी पेन हातात तसाच धरला. "काढलं असं लिहिलंय?" मी म्हटलं, "पुन्हा टंकते हवं तर." ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "नको. बरं आहे ते. हल्ली तयार पेट्या कंत्राटात मिळतातच. आता लिहिलंच आहे तर खरं करू." आणि सही केली.

दुपारी मेस्त्री दारात उभे. विलायतेचं पत्र आल्याचं त्यांना कळलं होतं. "काय म्हणते बाई?"

"एकही खेळणं फुटलं नाही म्हणते."

"एकही नाही?" त्यांचा चेहरा उजळला. "आणि आपण काय लिवलं?"

"तुमच्याबद्दल लिहिलंय."

"माझ्याबद्दल? विलायतेला?" ते आत आले, टेबलाजवळ. "नाव आहे माझं?"

"नाव नाही. आमचा पेट्या भरणारा, असं आहे."

"म्हणजे मीच की. दुसरा कोण आहे इथं?" मग संकोचून म्हणाले, "एक नक्कल मिळेल काय, अक्का? घरी ठेवतो."

मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. त्या वेळी मला याचं समाधानही वाटलं. नक्कल नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मी मनाशी म्हटलं, यांना वाचता येत नाही, घरी पेटीत पडून राहील. आणि कार्बनची एक प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

महिनाअखेरीला मालकांनी त्यांना काम कमी झाल्याचं सांगून निरोप दिला. मी त्या दिवशी रजा घेतली होती. डोकं दुखतंय, असं घरी सांगितलं.

तीनेक महिने गेले असतील. एका रविवारी सकाळी मेस्त्री आमच्या घरी आले. सासूबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, कॉफी दिली. मी बाहेर आले तेव्हा त्यांच्या मांडीवर तो कागद होता, घड्यांवर फाटलेला आणि मागून चिकटपट्टीनं सांधलेला.

"चार ऑफिसांत दाखवला," ते म्हणाले. "काम मागायला गेलो की आधी हाच काढायचो. विलायतेचं पत्र आहे म्हणून. दोन ठिकाणी वाचून परत दिला, काही बोलले नाहीत. तिसऱ्या ठिकाणी हसले. चौथ्या ठिकाणच्या कारकुनानं मला बाजूला नेऊन सांगितलं, अण्णा, हा कागद कुणाला दाखवू नका." त्यांनी कागद पुढे केला. "तो काहीतरी उलटं सांगतो, म्हटलं. अक्काच वाचून दाखवेल. वाचा. जसं आहे तसं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. मी वाचलं. इंग्रजी एक वाक्य, मग त्याचं मराठी. त्या वाक्यापाशी आल्यावर त्यांनी थांबवलं.

"केवळ, असं आहे?"

"हो."

"मालक बोलले, केवळ?"

"नाही. तो शब्द माझा."

"आणि काढून टाकल्याचं?"

"तेही माझंच. तेव्हा काढलेलं नव्हतं तुम्हाला."

मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कॉफी संपवली, पेला बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आता दुसरा लिवून द्या. खरं काय झालं तो."

मी लगेच उठले. "आत्ता देते. इंग्रजीत नीट..."

"इंग्रजीत नको. कन्नडात लिवा. मला वाचता येतं कन्नड."

मी तशीच उभी राहिले. त्यांना वाचता येत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. कधी विचारलंही नव्हतं.

"मला कन्नड लिहिता येत नाही," मी म्हटलं. "वाचताही येत नाही."

"किती वर्षं झाली इथं?"

"बारा."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग मी लिवतो. तुम्ही सही करा."

घरात दुसरा कागद हाताशी नव्हता. तुमच्या आईची शाळेची वही होती, तिचं एक पान फाडून दिलं. त्यांनी मांडीवर पाट घेऊन सावकाश लिहिलं. अक्षर गोल, एकसारखं, ओळी सरळ. एवढ्या सरळ ओळी मला यंत्राशिवाय काढता आल्या नसत्या. लिहून झाल्यावर ते म्हणाले, "वाचून दाखवतो," आणि प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगितलं. सव्वीस पेट्या एका मापाच्या करायला मी सांगितलं. मेस्त्रीनं नको म्हटलं होतं, रिकाम्या जागेला भाडं पडेल असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मालकांना खरं सांगितलं नाही. मेस्त्रीचा अंदाज चुकला नव्हता.

तुमची आई मागच्या अंगणात खेळत होती. तिला कन्नड उत्तम वाचता यायचं, हाक मारून ते पान तपासून घेता आलं असतं. मी हाक मारली नाही. मला न वाचता येणाऱ्या त्या मजकुराखाली मी इंग्रजीत सही केली. त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं, सासूबाईंना नमस्कार केला आणि गेले. कार्बनची प्रत ओसरीवर तशीच राहिली. ती अजून माझ्याकडे आहे. या पत्राबरोबर पाठवते. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, तुम्हाला ती वाचून दाखवायला कुणी नको.

तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बी.ए. झालीस खरी."

सोमवारी मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता काय, विलायतेला पुन्हा पत्र लिहायचं?" आणि दुसऱ्या कामाला लागले. मी राजीनामा दिला असं इथे लिहिता आलं असतं तर बरं होतं. दिला नाही. आणखी चार वर्षं तिथेच होते.

त्या आठवड्यात मात्र तुमच्या आईला म्हटलं, मला तुझी अक्षरं शिकव. तिला फार मौज वाटली. चुकलं की ती माझ्या बोटांवर पट्टी मारायची. दुकानांच्या पाट्या, बसचे फलक असं करत करत वर्षभरात मी अडखळत का होईना, वाचू लागले.

मग एके दिवशी चौकशी करत मार्केटच्या मागे, द्राक्षांच्या पेट्या ठोकण्याच्या एका शेडमध्ये गेले. मेस्त्री तिथे होते. तोच खाकी कोट. मागे छपरापर्यंत पेट्या रचलेल्या, शेकड्यांनी, सगळ्या तंतोतंत एका मापाच्या.

"या अक्का," ते म्हणाले. "बघा, इथं सगळ्या सारख्याच लागतात. तुमच्या आवडीच्या."

त्यांनी बसायला एक पेटी उलटी करून दिली आणि चहा सांगायला बाहेर गेले.

भिंतीवर, त्यांच्या हत्यारांच्या वर, वहीचं ते पान चिकटवलेलं होतं. मी उठून जवळ गेले आणि अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागले. वेळ लागला. काही जोडाक्षरांवर अडले, पुन्हा मागे गेले. सव्वीस पेट्या. एका मापाच्या. नको म्हटलं होतं. ऐकलं नाही. ओसरीवर त्यांनी मला जे वाचून दाखवलं होतं तेच होतं, तेवढंच, त्याच क्रमानं. माझ्याविरुद्ध एक शब्द वाढवलेला नव्हता आणि स्वतःसाठी एकही जोडलेला नव्हता. 'केवळ' कुठेच नव्हतं.

खाली माझी सही होती, इंग्रजीत, ठळक, नीटनेटकी.